गिटारच्या बँडमध्ये मिरजेची सतार बसवताना

गिटार, बेस, ड्रम आणि सतार असा संच जमवायचा म्हटला की पहिली गाठ पडते ती पट्टीशी. गिटारवाला म्हणतो ई मायनर, सतारवाल्याचा सा काळी एकला, म्हणजे सी शार्पला लावलेला, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. सांगली-मिरजेत चांगली सतार मिळणे अवघड नाही, गिटार तर आता गल्लोगल्ली आहे. तरीही कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा गणपतीच्या कार्यक्रमात ही दोन वाद्ये एकत्र आली की बऱ्याचदा सतार नुसती दिसते, ऐकू येत नाही. किंवा ऐकू येते आणि बेसूर वाटते. दोन्हींची कारणे ठरावीक आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत. ते इथे क्रमाने दिले आहेत.

सरावासाठी रॉबी फान लेउवेन या डच संगीतकाराची गाणी घ्या असे आम्ही सुचवतो. त्याच्या रचना मोजक्या कॉर्डवर उभ्या असतात, चाल पटकन पकडता येते, आणि त्याने स्वतः आपल्या बँडमध्ये सतार वापरली होती. गिटारवाल्याने सतारीला कुठे जागा दिली हे बघायला यापेक्षा सोपा धडा क्वचितच मिळेल.

हा माणूस कोण, आणि काय ऐकायचे

फान लेउवेनचा जन्म १९४४ सालचा, नेदरलँड्सच्या द हेग शहरातला. साठच्या दशकात द हेग हे डच बीट संगीताचे मोठे केंद्र होते. ‘गोल्डन इअरिंग’ हा नामांकित बँडही तिथलाच. इंडोनेशियातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांनी तिथे त्याआधीच गिटारवर नाचायला लावणारे संगीत रुजवले होते. फान लेउवेन आधी ‘द मोशन्स’ या बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि गाणी रचायचा. १९६७ मध्ये त्याने ‘शॉकिंग ब्लू’ उभा केला. पहिला गायक फ्रेड द विल्डे. १९६८ मध्ये त्याच्या जागी मारिस्का वेरेस आली. तिचे वडील हंगेरियन जिप्सी व्हायोलिनवादक होते, आणि तिचा आवाज खालचा, भरदार, जवळजवळ सपाट लावलेला. बेसवर क्लासिए फान डर वाल, ड्रमवर कोर फान डर बेक. या चौघांचे १९६९ चे ‘व्हीनस’ फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. डच बँडला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्याची चाल ‘द बिग थ्री’ या अमेरिकन त्रयीच्या ‘द बँजो साँग’वर बेतलेली आहे, आणि ते गाणे म्हणजे स्टीफन फॉस्टरच्या एकोणिसाव्या शतकातल्या एका गीताचे शब्द नव्या चालीत बसवलेले. जुन्या चिजेला नवा पोशाख चढवणे आपल्याकडे नवे नाही, तिकडेही नव्हते.

१९७४ मध्ये शॉकिंग ब्लू संपला. पुढे फान लेउवेनने ‘गॅलक्सी-लिन’ काढला, त्यात मँडोलिनला पुढे आणले, आणि नंतर ‘मिस्ट्राल’. १९८६ मध्ये ‘बनानारामा’ या इंग्लिश गटाने ‘व्हीनस’ नव्याने गायले आणि ते अमेरिकेत पुन्हा पहिले आले. १९८८ मध्ये ‘निर्वाना’ या बँडने आपली पहिलीच तबकडी काढली ती फान लेउवेनच्या ‘लव्ह बझ’ची.

आपल्या कामाचा अल्बम म्हणजे १९६९ चा ‘ॲट होम’. ‘लव्ह बझ’ त्यातलेच. याच अल्बममध्ये ‘आक्का राग’ ही वाद्यरचना आहे. ती मूळची कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांची, ज्यांनी इंग्लंडात जॅझ आणि हिंदुस्थानी वाद्ये एकत्र आणली. दोन्ही ऐकताना कागदावर तीन रकाने पाडा: बेस काय करतो, आवाज कुठे थांबतो, सतार कुठे येते. ‘लव्ह बझ’मध्ये बेसची एक छोटी आकृती गाणेभर फिरत राहते. ती नीट ऐका, कारण सतारीला तानपुऱ्यासारखा आधार लागतो आणि बँडमध्ये तो आधार बेस देतो. बेसवाला दर ओळीला वेगळे काही करू लागला की सतारीच्या पायाखालची जमीन सरकते. बँडमधल्या बेसवाल्याला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

पट्टी: गिटारला कॅपो, सतारीला धक्का नाही

‘व्हीनस’ मूळ ई मायनरमध्ये, म्हणजे पांढरी तीनला. मूळ ध्वनिमुद्रणात सतार नाही. म्हणूनच ते सरावाला चांगले, कारण नक्कल करायला समोर काही नसते, सतारीची ओळ स्वतःच रचावी लागते.

पहिला मोह होतो सतारीचा सा काळी एकवरून पांढरी तीनवर चढवण्याचा. हे करू नका. तारेवरचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन अर्धस्वर चढवले तर ताण ४१ टक्के वाढतो. त्यावर मींड घ्याल, म्हणजे तार बाजूला खेचून सूर चढवाल, तेव्हा खरी परीक्षा. बाज तार (वाजवायची मुख्य तार) खेचून पाच स्वरांची मींड घेतली, म्हणजे सात अर्धस्वर, तर ताण सव्वादोनपट होतो. दोन्ही मिळून पोलादी तार तिच्या सहनशक्तीच्या काठावर जाते आणि ऐन कार्यक्रमात तुटते. ‘बारीक तार लावू, मग तुटणार नाही’ हा समज बऱ्याच जणांचा असतो. लांबी आणि सूर तोच असेल तर तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा ताण जाडीवर अवलंबून नसतो. बारीक तारेने तबलीवरचा (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरचा) भार कमी होतो, तार तुटण्याचा धोका जवळजवळ तेवढाच राहतो.

सोपा रस्ता आपल्या परंपरेतच आहे: मध्यमाला सा मानणे. धून आणि ठुमरी अंगाचे वादन करणारे हे नेहमी करतात. सतारीचा सा काळी एकला असेल तर मध्यम येतो काळी तीनला, म्हणजे एफ शार्पला, आणि बाजाची मोकळी तार तीच असते. गिटारवाल्याने दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी चिमटी) लावून नेहमीच्या ई मायनरच्याच आकृत्या वाजवल्या की त्याचा सूर एफ शार्प मायनर होतो. सतारीची एकही खुंटी फिरवावी लागत नाही. गाणे मूळ पट्टीपेक्षा एक पूर्ण स्वर वर जाते. मारिस्का वेरेसचा आवाज इतका खालचा आहे की आपल्याकडच्या बहुतेक मुलींना मूळ पट्टी खालीच वाटते, तेव्हा हा एक स्वर त्यांच्या सोयीचाच पडतो.

सतार पांढरी दोनला लावलेली असेल, तर मध्यम जी होतो आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर येतो. काळी एकवरून पांढरी दोनवर जाण्यात ताण १२ टक्के वाढतो. हे चालते, पण तरफेच्या (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या) सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागतात. त्याला तास गेला तरी नवल नाही. शिवाय तारा दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत राहतात. म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी पट्टी बदलायला घेऊ नका.

सतारीचाच सा गाण्याचा सा धरायचा हट्ट असेल, तर सतार पांढरी दोनला लावा आणि गिटारच्या सहाही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवून ई मायनरच्या आकृत्या वाजवा. नाहीतर पाचव्या पडद्यावर कॅपो आणि ए मायनरच्या आकृत्या. बेसवाल्याने ए तारेच्या पाचव्या पडद्यावरून डी घ्यावा. पण मग गाणे मूळ पट्टीहून एक स्वर खाली येते आणि गायिकेचे सुरुवातीचे शब्द विरतात. शिवाय चिकारीचा (कडेच्या, मधूनमधून छेडायच्या तारांचा) एक मोठा अडथळा येतो, तो पुढे येईलच.

पडदे सरकवणे

गिटारचे पडदे पक्के ठोकलेले असतात, सप्तकाचे बारा सारखे भाग करून. सतारीचे पडदे कारागिराने किंवा वादकाने कानाने बसवलेले असतात, आणि कान नैसर्गिक स्वराकडे जातो. एकट्याने वाजवताना तेच गोड लागते. गिटारच्या कॉर्डवर मात्र कोमल गंधार चढलेला आणि शुद्ध धैवत उतरलेला वाटतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर हा फरक सुमारे सोळा भागांचा. कानाला तो स्पष्ट टोचतो, आणि दोष मात्र वादकाच्या मींडेला दिला जातो.

घोडीपासून (तबलीवरचा तारांचा टेकू) अटीपर्यंत (दांडीवरचा तारांचा टेकू) लांबी ८८ सेंटिमीटर धरली तर हे सोळा भाग म्हणजे खालच्या सप्तकातल्या कोमल धैवताच्या पडद्यावर साडेसहा-सात मिलिमीटर, वरच्या सप्तकातल्या त्याच पडद्यावर साडेतीनच्या आत. पट्टीने मोजत बसू नका. फोनवरचा ट्यूनर लावा, बाज तार ज्या जोराने वाजवताना दाबता त्याच जोराने दाबा, आणि काटा मधोमध येईपर्यंत पडदा सरकवा. हलके दाबून पडदा लावला आणि वाजवताना जोरात दाबला, तर सगळे स्वर चढे लागतील. पडदा सरकवताना दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी एकदम ढकला. एकाच बाजूने ढकलला तर तो तिरका होतो, दोरा सैल पडतो आणि तार त्या जागी झणझणते. दोरा आधीच सैल असेल तर नवा बांधून घ्या. पडद्याखाली कागदाच्या घड्या घालू नका.

आता कोणते पडदे कुठे. ‘व्हीनस’चा अंतरा दोन कॉर्डवर झुलतो, ई मायनर आणि ए मेजर. सा, कोमल गंधार, पंचम, मग मध्यम, शुद्ध धैवत, सा. कोमल निषाद धरला की हा सरळ काफी थाट. पण आपण मध्यमाला सा मानले आहे, त्यामुळे सतारीवर बोटांना दिसतो तो आसावरी थाट: शुद्ध रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. मधल्या सप्तकात धैवताला बहुधा एकच पडदा असतो. तो कोमल जागी आणा. हा पडदा विसरणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. वादक यमन किंवा बिहागचा रियाज करून येतो, पडदा शुद्ध जागी तसाच राहतो, आणि पहिल्याच कॉर्डला सतार मेजर तर गिटार मायनर वाजते.

कोणत्या कॉर्डवर काय वाजवायचे

इथे वेळ घाला. गाणे बसते किंवा मोडते ते इथेच.

गिटारच्या आकृत्यांच्या नावांनीच बोलू, कॅपो लावलेला धरून. अंतऱ्यात ई मायनर आणि ए आलटून पालटून. मुखड्यात ए मायनर, डी, आणि शेवटाकडे सी आणि बी सेव्हन. या मुखड्यात गाण्याचा धैवत कोमल होतो, आणि बी सेव्हनवर निषाद शुद्ध होतो. म्हणजे एकाच गाण्यात दोन धैवत, दोन निषाद. काफीत हे खपते, पण तरफेच्या तारांना ते कळत नाही. त्या लावल्या त्या सुरात वाजत राहतात. म्हणून नियम असा: जो स्वर गाण्यात दोन रूपांनी येतो, त्याची तरफ त्या स्वराला लावूच नका. गाण्याच्या धैवताची तरफ गाण्याच्या पंचमाला उतरवा, निषादाची गाण्याच्या सा ला चढवा. तरफेचा झंकार थोडा कमी रंगीत होईल, पण चिखल होणार नाही.

चिकारीचे असेच. मध्यमाला सा मानल्यावर चिकारीचा सा हा गाण्याचा पंचम होतो. तो ई मायनरमध्ये आहेच, बी सेव्हनचा तर तो मूळ स्वर आहे. ए, ए मायनर आणि डीवर तो परका असला तरी खुपत नाही. सी या एकाच कॉर्डवर तो मूळ स्वराच्या अर्धा स्वर खाली पडून घासतो, तिथे चिकारी टाळा. उलट सतारीचाच सा गाण्याचा सा धरला, तर बी सेव्हनवर चिकारीचा सा आणि कॉर्डचा शुद्ध निषाद शेजारी शेजारी येऊन भांडतात, आणि तो मुखड्याचा नेमका ताणाचा क्षण असतो. पट्टीच्या जागी ज्या अडथळ्याचे बोललो तो हा.

गंधार-पंचम पद्धतीची सतार असेल तर एक तार शुद्ध गंधाराला लावलेली असते. मायनर गाण्यात ती घातक आहे. अर्धा स्वर चढवून मध्यमाला लावा, म्हणजे ती गाण्याचा सा देईल. खर्ज-पंचम पद्धतीच्या सतारीत खर्जाच्या दोन जाड तारा बेसच्या हद्दीत जातात आणि आवाज गढूळ करतात. त्या सोडून देऊ नका, कारण भार बदलला की तबली किंचित वर येते आणि बाकीच्यांची जवारी (घोडीच्या माथ्याच्या उताराने येणारी झणझण) बिघडते. घोडीच्या जवळ त्या दोन तारांखाली मऊ कापडाची अरुंद पट्टी सरकवा.

आता वाजवायची ओळ. दोन मापांची, आठ-आठ मात्रांची, एवढीच ठेवा. नमुना म्हणून ही घ्या. स्वरांची नावे सतारीच्या बोटांप्रमाणे, ग, ध, नि कोमल:

ई मायनरवर: म ऽ ध प म ऽ ग म
ए मेजरवर: नि ऽ रें सां नि ऽ ध प

पहिल्या मापातला ‘ध’ सरळ पडद्यावर घ्या, मींडेने नको, कारण मायनर-मेजर ठरवणारा स्वर तोच. दुसऱ्या मापातल्या ‘रें’वर मींड चालेल, सां च्या पडद्यावरून एक पूर्ण स्वर खेचून. अवग्रहाच्या (ऽ) जागी खरोखर थांबा. तरफेला बोलायला तेवढीच फट मिळते. बोल, म्हणजे नखीचे ठोके, सुरुवातीला फक्त ‘दा’ आणि ‘रा’. ‘दिर’ घालायचा तर सातव्या-आठव्या मात्रेला, ड्रमवाल्याच्या भरावाच्या जागी. ‘दिर दिर’चा मारा सुरू केला की झांजांच्या आवाजात तो नुसता खरखराट होतो.

मुखड्यात गाण्याचा कोमल धैवत म्हणजे सतारीचा कोमल रिषभ. त्याला वर स्वतंत्र पडदा नसतो. सां च्या पडद्यावरून अर्ध्या स्वराची मींड घ्या. गाण्याचा शुद्ध निषाद म्हणजे सतारीचा शुद्ध गंधार. त्याला बहुतेक सतारींत पडदा असतो. हे जमत नसेल तर मुखड्यात सतार पूर्ण थांबवा. गायिका गात असताना सतार गप्प राहिली तर गाण्याचे काही बिघडत नाही, आणि ती परत येते तेव्हा लोकांचे लक्ष तिच्याकडे जाते. गाण्याच्या सुरुवातीचा जो प्रसिद्ध कॉर्ड आहे, त्यात गंधार नाहीच. बी मूळ स्वर, वर ई आणि एफ शार्प. तो मायनर नाही, मेजर नाही. तिथे सतारीने मोकळ्या तरफांवरून करंगळीच्या नखाने एकदा खालपासून वरपर्यंत झणकारा द्यावा आणि थांबावे. ज्याला सतार म्हणजे काय हे माहीत नाही, त्यालाही तो आवाज कळतो.

जवारी

खुल्या जवारीचा आवाज एकट्याला भरून टाकणारा असतो, पण बँडमध्ये तिची झणझण झांजा आणि डिस्टॉर्शन लावलेल्या, फाटक्या आवाजाच्या गिटारच्या पट्ट्यात जाऊन हरवते आणि स्वराचा नेमका सूर कळत नाही. मध्यम किंवा थोडी बंद जवारी मागा. मिरजेत सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराला ‘गिटारबरोबर, माइकवर वाजवायची आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. सतार त्याच पट्टीत लावूनच न्या. सैल तारांवर काढलेली जवारी ताण दिल्यावर वेगळी वाजते.

घरी पॉलिश पेपर घेऊन घोडी घासू नका. घोडीच्या माथ्यावरचा उतार केसाच्या जाडीने चुकला तरी एखाद्या पडद्यावर तार मुकी होते, आणि तो परत आणायला अख्खा माथा पुन्हा काढावा लागतो. जवारी गेली आहे का हे बघायला बाज तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा, सारख्या जोराने वाजवा. दोन-तीन पडद्यांवर आवाज अचानक कोरडा वाटला, किंवा घोडीवर तारेखाली खाच दिसली, की जवारी काढायची वेळ झाली.

माइक, पिकअप आणि शिट्टी

घरगुती सरावाला माइक नको. ड्रमवाल्याने काड्या सोडून ब्रश किंवा काहोन (वर बसून हाताने वाजवायची पेटी) घेतला तर बाकी सगळे सतारीच्या आवाजात मावतात.

मंचावर चिकट पिकअप लागतो, वाद्याची थरथर पकडणारी नाण्याएवढी चकती. ती घोडीवर चिकटवू नका. तिथे नखीचा ठोका इतका तीक्ष्ण येतो की स्वर मागे पडतो. तबलीवर, घोडीच्या पायापासून तीन-चार सेंटिमीटर खाली, लंगोटाच्या (तारा खाली जिथे अडकवतात त्या टोकाच्या) दिशेने चिकटवा आणि एकेक सेंटिमीटर सरकवून ऐका. चिकटवायला पॉलिश न उखडणारी पुट्टी वापरा, सुपर ग्लू कधीच नको. अशा चकतीची तार थेट मिक्सरच्या साध्या लाइन जोडणीत घातली की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. लोक समजतात पिकअप हलका निघाला. खरे कारण असे की चकतीला एक मेगाओम किंवा जास्त रोध असलेली जोडणी लागते. मध्ये छोटा प्रीॲम्प किंवा तशी डीआय पेटी (वाद्य मिक्सरला जुळवून देणारी) घाला. सातारा-सांगलीकडच्या बेंजो पार्ट्यांबरोबर काम केलेला साउंडवाला मिळाला तर सोन्याहून पिवळे. बेंजोची तार पिकअपवरून मोठ्या आवाजात नेणे त्याच्या हाताखालून गेलेले असते.

सतारीचा भोपळा म्हणजे मोठी पोकळी, ती स्पीकरच्या आवाजाने घुमू लागते. १२० हर्ट्झच्या खालचे सगळे कापा. काळी एकच्या सतारीत जोडाची तार सुमारे १३९ हर्ट्झला आणि बाज १८५ हर्ट्झला असते, त्यामुळे गमावण्यासारखे काही नाही. मग आवाज हळूहळू वाढवा, गुंजारव सुरू होईल ती फ्रीक्वेन्सी शोधा आणि तेवढीच अरुंद पट्टी चार ते सहा डेसिबल खाली आणा. एकदम सगळा खालचा आवाज कापलात तर सतारीचे अंगच जाते. गिटारच्या दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा. सतारीचा आवाज वाढवण्यापेक्षा याने ती जास्त उठून दिसते.

ड्रमच्या शेजारी बसलात तर तरफा ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला आपोआप वाजतात, आणि पिकअप ते सगळे लोकांपर्यंत नेतो. बसायची जागा ड्रमपासून शक्य तितकी दूर, आणि मॉनिटर (वादकांना ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) पुढून नव्हे, उजव्या बाजूने, भोपळ्याच्या पाठीकडे तोंड नसलेला. तरीही तरफा बडबडत असतील तर घोडीच्या जवळ तरफांच्या मधून नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) अरुंद पट्टी अर्ध्या तारांवरून खाली-वर ओवा.

हवा, प्रवास, परवानगी

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. एप्रिल-मेमध्ये सैल होऊन घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची भुकटी लावा आणि फिरवताना आत दाबत फिरवा. अडकलेल्या खुंटीवर पक्कड चालवू नका, डोके तुटते. जोर न लावता डावी-उजवी थोडी थोडी हलवून सैल करा. बारीक सुरासाठी तारेत ओवलेले मणी आहेतच, पण लावणी सुरू करण्याआधी ते मधोमध आणून ठेवा, म्हणजे मंचावर दोन्हीकडे जागा राहते.

एसटीने न्यायची तर पक्की पेटी हवी. सतार पेटीत उभी किंवा आडवी कशीही ठेवा, पण भोपळ्याच्या भोवती सगळीकडून कापूस-कापड भरा. भोपळा दांडीला जिथे जुळतो तो गळा सर्वांत आधी तडकतो, आणि तडकतो तो धक्क्याने नव्हे, पेटीत हलत राहिल्याने. तारा पूर्ण सैल करू नका, अर्धा स्वर उतरवणे पुरे. एसीच्या सभागृहात नेल्यावर पेटी उघडून अर्धा तास ठेवा आणि मगच लावायला घ्या.

तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल, तर दुसऱ्याची रचना सादर करायला परवाना लागतो. तो इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून घ्यायचा. परदेशी रचनांचे हक्कही बहुधा तिच्यामार्फतच सांभाळले जातात. अर्जात रचनाकार म्हणून रॉबी फान लेउवेनचे नाव लिहा, गायिकेचे किंवा बँडचे नाही, आणि हॉलचे आरक्षण करतानाच अर्ज टाका.